विचारता येणारा नकाशा

नकाशा म्हटला की आमच्या पिढीच्या शिक्षकांच्या डोळ्यांपुढे वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले, कडा झिजलेले कापडी चित्र उभे राहते. गुरुजींनी छडीच्या टोकाने दाखवावे आणि मुलांनी पाहावे, एवढाच त्याचा व्यवहार. त्या नकाशाला काही विचारण्याची सोय नव्हती, आणि त्याला काही सांगण्याची तर नव्हतीच. गेल्या वीस वर्षांत संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर जो नकाशा आला आहे त्याची जात निराळी आहे. त्याला आपण विचारू शकतो; आणि अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, त्याला आपण सांगूही शकतो. वाट शोधण्याच्या कामी त्याचा उपयोग आता सर्वांस ठाऊक आहे, तेव्हा त्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन नाही. परंतु पाणी, पूर, खड्डे, औषधे, स्वच्छतागृहे अशा नित्याच्या सार्वजनिक माहितीसाठी ठिकठिकाणच्या लोकांनी या नकाशाचा जो कल्पक उपयोग केला आहे, त्याची आपल्या शिक्षकवर्गात फारशी चर्चा होत नाही. ती व्हावी, आणि पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपणा मराठी मंडळींचा तिच्याशी काय संबंध पोहोचतो तेही पाहावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

या कल्पनेचे मूळ संगणकात नाही. १८५४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी त्या भागाच्या नकाशावर, ज्या घरात जितके मृत्यू झाले तितक्या काळ्या रेघा त्या घरापाशी काढल्या. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती दिसली. जवळच्याच निराधारगृहात शेकडो माणसे राहत असूनही तेथे मृत्यू फार थोडे, कारण त्या संस्थेची स्वतःची विहीर होती. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण येथेच थांबतात आणि दांडा निघताच साथ थांबली असा समज करून देतात. वस्तुतः साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती आणि तो विख्यात नकाशाही मागाहून छापला गेला. आम्हांस या कथेतील दुसरे एक पात्र अधिक मोलाचे वाटते. हेन्री व्हाइटहेड नावाचा एक तरुण धर्मोपदेशक त्याच वस्तीत काम करीत असे. स्नो यांचे म्हणणे त्याला मुळीच पटले नव्हते आणि ते खोडून काढण्याच्या हेतूनेच त्याने घरोघर चौकशी आरंभिली. कोणत्या घरचे कोण माणूस कोणत्या पंपाचे पाणी पीत होते हे त्याने विचारून काढले, आणि शेवटी त्याचीच माहिती स्नो यांच्या सिद्धान्ताचा भक्कम आधार ठरली. नकाशा स्नो यांचा खरा; पण लोकांनी दार उघडून उत्तरे दिली ती त्या गल्ल्यांतून रोज हिंडणाऱ्या माणसाला.

आजच्या नकाशाची घडण समजून घेण्यास फार मोठी विद्या लागत नाही. तळाशी रस्ते, नद्या, इमारती यांचे एक चित्र असते. त्यावर पारदर्शक कागद ठेवावेत तसे माहितीचे थर ठेवता येतात. प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश दिलेले असल्याने कोणताही थर तळच्या चित्रावर अचूक बसतो. नको असेल तो थर उचलून बाजूला ठेवता येतो. गूगलचा नकाशा ८ फेब्रुवारी २००५ रोजी लोकांपुढे आला. त्यानंतर काही आठवड्यांतच पॉल रॅडमाकर या अमेरिकन गृहस्थांनी एक उद्योग केला. तिकडे भाड्याच्या घरांच्या जाहिराती एका संकेतस्थळावर लांबलचक यादीच्या रूपाने येत. त्यांनी ती यादी उचलून त्या नकाशावर पसरली. नकाशाच्या मालकांनी अशी सोय अद्याप कोणासही दिलेली नव्हती. रॅडमाकरांनी ती स्वतःच शोधून काढली. त्याच वर्षी एड्रियन होलोवाटी यांनी शिकागो पोलिसांकडील गुन्ह्यांच्या नोंदी अशाच नकाशावर मांडल्या. दोन्ही ठिकाणी नवी माहिती काडीचीही नव्हती. यादी होती तीच होती. परंतु ‘शहरात काय घडले’ या प्रश्नाच्या जागी ‘माझ्या गल्लीत काय घडले’ हा प्रश्न आता विचारता येऊ लागला. सरकारी दप्तरातील माहिती आणि सार्वजनिक माहिती यांतील अंतर बहुधा एवढेच असते.

यात धोका नाही असे मात्र नव्हे. २००९ साली लॉस एंजेलिस शहरात पोलिसांच्या गुन्हे-नकाशावर नगरभवनाजवळची एक जागा साऱ्या शहरातील अत्यंत भयावह ठिकाण म्हणून झळकू लागली. एका वृत्तपत्राने शोध केला तेव्हा उलगडा झाला की, ज्या गुन्ह्यांचे पत्ते संगणकाला उमगले नाहीत ते सारे त्याने एका ठरावीक बिंदूवर नेऊन टाकले होते. उत्तर येत नसता काहीतरी लिहून मोकळा होणारा विद्यार्थी आम्ही शिक्षकांनी पुष्कळ पाहिला आहे. यंत्राची वृत्तीही तीच निघाली. याच्या उलट, बर्लिनमध्ये राउल क्राउथहाउझेन व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘व्हीलमॅप’ पाहावा. चाकाच्या खुर्चीवरून हिंडणाऱ्या माणसाला एखाद्या उपाहारगृहात, ग्रंथालयात किंवा कचेरीत शिरता येईल काय, एवढाच या नकाशाचा प्रश्न. उत्तरे रंगांनी दिलेली: हिरवा म्हणजे येईल, नारिंगी म्हणजे काही अंशी, तांबडा म्हणजे येणार नाही. या तिघांखेरीज तेथे एक करडा रंग आहे. त्याचा अर्थ, ‘अद्याप कोणी पाहिलेले नाही.’ जगभरच्या त्या नकाशावर करडे ठिपके पुष्कळ आहेत आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. आपल्याला काय ठाऊक नाही हे स्वच्छ दाखविणारा नकाशा आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो.

व्हीलमॅपच्या तळाशी जो नकाशा आहे त्याचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढील बहुतेक उदाहरणे त्यावर उभी आहेत. इंग्लंडमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी संस्था उत्तम नकाशे तयार करीत असे, परंतु त्यांचा मुक्त वापर करण्यास मोठी फी व अटी आड येत. २००४ साली स्टीव्ह कोस्ट या तरुणाने असे ठरविले की, लोकांनी आपला नकाशा आपणच काढावा आणि तो कोणासही वापरता यावा. आपल्याकडे तर नकाशा ही दीर्घकाळ लष्कराची व महसुलाचीच बाब होती. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. आणि नकाशे तयार करण्यावरील निर्बंध केंद्र सरकारने मोठ्या प्रमाणात सैल केले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडून कोणीही नोंद करू शकतो. प्रत्येक वस्तू बिंदू, रेषा किंवा बंदिस्त क्षेत्र या रूपात दाखविली जाते आणि तिला गुणांच्या चिठ्ठ्या चिकटविल्या जातात. ही पाणपोई, हा दवाखाना, उघडण्याची वेळ ही, दारात पायऱ्या आहेत, अशा त्या चिठ्ठ्या. कोणी, कधी, काय बदलले याचा इतिहासही जपलेला राहतो, त्यामुळे खोडसाळ बदल मागे फिरविता येतो.

असा नकाशा काय करू शकतो हे केनियातील नैरोबी शहराच्या किबेरा वस्तीने दाखविले. दाट लोकवस्तीची ही झोपडपट्टी असूनही नकाशांवर तो भाग जवळजवळ कोराच होता. २००९ मध्ये तेथील काही तरुणांनी हातात दिशादर्शक यंत्रे घेऊन गल्लीन्‌गल्ली पायाखाली घातली आणि पाण्याच्या जागा, शौचकूप, दवाखाने, शाळा यांच्या नोंदी केल्या. परगावच्या तज्ज्ञाने आखलेल्या नकाशात रस्त्यांची नावे आधी येतात. किबेराच्या मुलांच्या नकाशात पाणी कोठे मिळते हे आधी आले. त्याच देशात २००८ च्या आरंभी, निवडणुकीनंतर दंगली उसळल्या असता ‘उशाहिदी’ नावाचा नकाशा निघाला होता. लोकांनी मोबाइलवरून पाठविलेले हिंसाचाराचे संदेश त्यावर त्या त्या स्थळी उमटत. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ ‘साक्ष’ असा आहे. अरबी ‘शहादत’ आपल्या कानांवर असल्याने हे नाव आम्हांस लगेच ओळखीचे वाटले.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला आणि राजधानी पोर्तोप्रेन्स मोडून पडली. तेथील गल्ल्यांचा धड नकाशा साहाय्यपथकांपाशी नव्हता. तेव्हा देशोदेशींच्या शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहांची छायाचित्रे पाहून घरी बसल्या बसल्या रस्ते आखले आणि थोड्याच दिवसांत तो नकाशा पथकांच्या हाती पडला. तथापि छायाचित्रात रस्ता दिसतो, त्याचे नाव दिसत नाही. ढिगाऱ्याखालून, तंबूंमधून लोक क्रिओल भाषेत संदेश पाठवीत होते, आणि ‘अमुक चर्चच्या मागे’ म्हणजे कोठे हे परक्यास कळणे अशक्य होते. ते काम केले परदेशी स्थायिक झालेल्या हैतियन मंडळींनी. त्यांना भाषा येत होती आणि लहानपणीच्या वाटा आठवत होत्या. संदेशांचे भाषांतर करून त्यांनी ठिकाणे दाखवून दिली. आपल्या गावापासून दूर राहणाऱ्या माणसाची आठवण इतकी उपयोगी पडावी, हे वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसून होतो.

पुराची गोष्ट आम्हांस अधिक जवळची. आम्ही बडोद्याचे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, आणि पाण्याबरोबर मगरीही वस्तीत आल्या, हे वाचकांनी वृत्तपत्रांतून वाचलेच असेल. त्या दिवसांत नदीची पातळी किती फूट झाली हा आकडा तासातासाला कानांवर पडत होता. आकडा खरा होता, पण तो ऐकून घरातील वृद्ध माणसे एकच विचारीत, “म्हणजे आपल्या गल्लीत पाणी येणार की नाही?” याचे उत्तर त्या आकड्यात नव्हते. ते मिळत होते पलीकडच्या गल्लीतील ओळखीच्या माणसाला दूरध्वनी करून, आणि तोही बॅटरी शिल्लक असेल तोवर.

हीच अडचण ओळखून इंडोनेशियात जकार्ता येथे २०१४ पासून एक नकाशा चालविण्यात आला. शहरात कोणी समाजमाध्यमावर ‘पूर’ हा शब्द लिहिला की, त्याला आपोआप उलट प्रश्न जाई: आपण पाणी पाहत आहात काय? असल्यास ठिकाण व छायाचित्र पाठवा. आलेली उत्तरे नकाशावर उमटत आणि कोणते रस्ते बंद आहेत हे सर्वांना एकदम दिसे. पुढे हा उपक्रम ‘पेताबेंचाना’ या नावाने इतर शहरांतही गेला. पेता म्हणजे नकाशा आणि बेंचाना म्हणजे आपत्ती. हा दुसरा शब्द संस्कृत ‘वंचना’ शब्दाचे समुद्रापार झालेले रूप आहे. फसवणुकीपासून आपत्तीपर्यंत त्याचा अर्थ कसा सरकला असेल, हा भाषाभ्यासकांनी पाहण्याजोगा विषय आहे. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली तेव्हा काही तरुण नकाशाकारांनी याहूनही साधी योजना केली. पडद्यावरील नकाशात आपला रस्ता शोधावा, त्यावर बोट ठेवावे, म्हणजे ‘येथे पाणी आहे’ अशी नोंद होई. लिहावयाचे काही नाही, पत्ता सांगावयाचा नाही. असंख्य लोकांनी बोटे ठेवली आणि बुडालेल्या रस्त्यांचे चित्र त्यातून उभे राहिले.

संकटाच्या वेळी लोक उत्साहाने पुढे येतात. नित्याच्या तक्रारीचे काय? ब्रिटनमध्ये २००७ साली ‘फिक्स माय स्ट्रीट’ या नावाने एक सोय झाली. खड्डा, विझलेला दिवा, साचलेला कचरा यांची जागा नकाशावर दाखवावी. ती जागा कोणत्या नगरसंस्थेच्या हद्दीत येते हे नकाशाच ठरवितो आणि तक्रार तेथे पाठवितो. यातील खरी खुबी अशी की, ती तक्रार सर्वांना दिसत राहते, त्यामुळे शेजाऱ्यानेही तोच खड्डा पुन्हा लिहिण्याचे कारण उरत नाही आणि तो बुजविला गेला की नाही हेही लपत नाही. आपल्याकडेही अनेक नगरपालिकांनी तक्रारींसाठी मोबाइलवरील सोयी केल्या आहेत. परंतु ज्या ठिकाणी तक्रार केवळ कचेरीला दिसते आणि शेजाऱ्याला दिसत नाही, तेथे जुन्या तक्रारपेटीत व तीत फार भेद नाही असे आमचे मत आहे.

हे सारे वाचल्यावर आमच्या शाळेतील आठवी-नववीच्या मुलांकडून एक लहानसा प्रयोग करून घेतला. शाळेच्या आसपासच्या गल्ल्यांचा ओपनस्ट्रीटमॅपवरील भाग कागदावर छापून मुलांच्या हाती दिला आणि पाणपोया, औषधांची दुकाने, दवाखाने व सार्वजनिक स्वच्छतागृहे टिपून आणण्यास सांगितले. काम अर्ध्या दिवसाचे असे आम्हांस वाटले होते. पहिल्याच स्वच्छतागृहापाशी मुले अडली. सकाळी ते उघडे होते, दुपारी मुलींच्या बाजूला कुलूप. मग ‘आहे’ लिहावे की ‘नाही’? किल्ली समोरच्या पानवाल्याकडे असते, ही माहिती मुलींनीच काढली. आम्ही केलेल्या तक्त्यात वेळेचा रकाना होता, पण किल्लीचा नव्हता. तो वाढवावा लागला. एका मुलीने विचारले, “सर, देवळाच्या पायऱ्यांना कठडा आहे की नाही हे लिहायचे का? आजीला कठडा नसला तर चढता येत नाही.” आमच्या यादीत देऊळ मुळीच नव्हते. कोणती माहिती सार्वजनिक होय याचा निर्णय आम्ही मोठ्या माणसांनी आधीच करून ठेवला होता, आणि तो अपुरा होता.

एके ठिकाणी मात्र मुलांना थांबवावे लागले. उन्हाळ्यात येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देणाऱ्या एका वृद्ध बाईंचे घर त्यांनी मोठ्या कौतुकाने पाणपोई म्हणून टिपले होते, आणि त्या एकट्या राहतात हेही शेऱ्यात लिहिले होते. हा नकाशा साऱ्या जगाला दिसतो हे मुलांच्या ध्यानी आले नव्हते. ती नोंद कागदावरच खोडली. चांगुलपणाची नोंदही कोणाला घातक ठरू शकते, हे त्यांना समजावून सांगण्यास भूगोलाचा एक पूर्ण तास गेला. तो वाया गेला असे आम्हांस वाटत नाही.

आता नावांविषयी. आम्ही मराठी माणसे बडोदे म्हणतो. पाट्यांवर वडोदरा असते. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव ही आपली नावे. त्या त्या राज्यांच्या भाषांत व दप्तरांत इंदौर, ग्वालियर, बेळगावी. छापील नकाशात एका ठिपक्याशेजारी एकाच नावाला जागा असते, आणि त्या एका जागेसाठी किती भांडणे झाली हे सीमाभागातील वाचकांना आम्ही सांगावयास नको. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक स्थळाला सर्वसाधारण नावाची एक चिठ्ठी असते. ती प्रत्यक्ष जागेवर जे नाव चालते त्याची असावी असा संकेत आहे. तिच्याखेरीज प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र चिठ्ठी लावता येते. मराठी नाव लिहिण्यासाठी कन्नड, गुजराती अथवा हिंदी नाव पुसावे लागत नाही. मराठी नाव नोंदलेले असेल तर मराठीत शोधणाऱ्याला ते स्थळ सापडते, आणि मराठी नावे दाखविणारा नकाशा कोणासही त्यातून काढता येतो. सर्वसाधारण नावाची चिठ्ठीच बदलून टाकण्याचा मोह काही उत्साही मंडळींना होतो, तो आवरावा. असा बदल थोड्याच वेळात मागे फिरविला जातो आणि मराठी चिठ्ठी मात्र कोरीच राहते.

मोठ्या शहरांची नावे कोणीतरी लिहीलच. आमचा जीव अडकला आहे तो लहान नावांत. वाडे पडून तेथे अनेक मजली इमारती झाल्या. चौक, घाट, आखाडे, बोळ यांची मराठी नावे फक्त सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या तोंडी उरली आहेत. हैतीच्या त्या परदेशस्थ मंडळींप्रमाणे ती वाट त्यांनाच ठाऊक आहे. मुलांनी याही कामाला आरंभ केला आहे. नाव सांगणारी दोन माणसे निराळ्या घरांतील असतील तरच नोंद करावयाची, असा नियम आम्ही घातला आहे. एका बोळाची तीन नावे निघाली आणि तिन्ही सांगणारे आपापल्या नावावर ठाम होते. जुन्या नावांसाठी व पर्यायी नावांसाठीही निराळ्या चिठ्ठ्या असतात, म्हणून निभावले.

शेवटची अडचण निगेची. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक पत्नीच्या औषधासाठी रात्री अकरा वाजता मोबाइलवरील नकाशात ‘उघडे’ दाखविलेल्या दुकानापाशी गेले. तेथे चपलांचे दुकान होते. औषधाचे दुकान उठून तीन वर्षे झाली होती. नोंद करणाऱ्याने ती केली तेव्हा खरीच असेल. आमच्या मुलांच्या नोंदींचेही हेच होणार हे जाणून, सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा त्याच गल्ल्यांत पाठविले. उन्हाळ्यातील दोन पाणपोया उठल्या होत्या, एका दवाखान्याची वेळ बदलली होती, आणि किल्ली पानवाल्याकडून फुलवाल्याकडे गेली होती. देवळाला कठडा अद्याप झालेला नाही. नववीची मुले दहावीत गेली की हे काम आठवीकडे सोपवावयाचे ठरले आहे, आणि कागदावर ज्या जागा कोणी अजून पाहिलेल्या नाहीत त्यांवर मुलांनी शिसपेन्सिलीने करड्या खुणा करून ठेवल्या आहेत.